परक्या घरीं शिकलेली भाषा

इंग्रजी शाळेंत शिकलेल्या मराठी घरांना लाँगफेलो या कवीचें नांव अपरिचित नाहीं. जुन्या पिढींतील कित्येकांनीं त्याची ‘ए साम ऑफ लाइफ’ ही कविता शाळकरी वयांत तोंडपाठ केली होती, आणि श्रोत्यांपैकीं कांहींना ती अजूनहि येत असेल. परंतु हा लोकप्रिय कवि आयुष्याचीं सुमारें चोवीस वर्षें परभाषांचा अध्यापक म्हणून पोट भरीत होता, ही गोष्ट तितकीशी प्रसिद्ध नाहीं. आणि त्या अध्यापकीचा एक मोठा आधार माद्रिद शहरांतील एका परक्या घरीं उभा राहिला, ही गोष्ट तर चरित्रग्रंथांच्या बाहेर फारशी कोणाच्या कानांवर जात नाहीं. १८२७ सालीं हेन्री वॉड्स्वर्थ लाँगफेलो त्या घरीं बिऱ्हाडकरू म्हणून राहिला. तेव्हां त्याला नुकतींच वीस वर्षें पूर्ण झालीं होतीं. त्यानें तेथें जें मिळविलें तें व्याकरणाच्या पुस्तकांत मिळण्यासारखें नव्हतें, आणि त्यासाठीं त्याला काय मोल द्यावें लागलें, तेंहि लक्षांत घेण्यासारखें आहे.

लाँगफेलोचा जन्म २७ फेब्रुवारी १८०७ रोजीं पोर्टलंड या बंदराच्या गांवीं झाला. वडील स्टीफन लाँगफेलो हे नामांकित वकील. अमेरिकेच्या प्रतिनिधिगृहाचे ते सभासदहि होते. मुलानें आपलाच व्यवसाय पुढें चालवावा ही त्यांची स्वाभाविक इच्छा. मुलाला मात्र वाङ्मयाचा ध्यास लागलेला. केवळ लेखणीवर जगणाऱ्या माणसाला पोसण्याइतकी संपत्ति या नव्या देशांत अद्याप नाहीं, असें वडिलांनीं त्याला कळविलें होतें, आणि तें खरेंहि होतें. १८२५ सालीं बोडिन कॉलेजांतून तो पदवीधर झाला. त्याच सुमारास कॉलेजच्या चालकांनीं अर्वाचीन युरोपीय भाषांच्या अध्यापकाची नवी जागा काढण्याचें ठरविलें, आणि ती या अठरा वर्षांच्या पदवीधराला द्यावी असा विचार केला. अपेक्षा एवढीच कीं, त्यानें आधीं युरोपांत जाऊन त्या भाषा शिकून याव्या. यांत कराराचा पक्का कागद असा कांहीं नव्हता. होतें तें आश्वासन. त्या आश्वासनावर विसंबून वडिलांनीं खर्चाची तयारी केली, आणि १५ मे १८२६ रोजीं मुलगा न्यूयॉर्क बंदरांतून ‘कॅडमस’ या जहाजानें फ्रान्सकडे निघाला. फ्रेंच शिकावयाचें हें तर ठरलेलेंच होतें. प्रश्न होता तो स्पॅनिश भाषेचा.

त्या वेळीं स्पॅनिश भाषेला अमेरिकेंत एकाएकीं महत्त्व आलें होतें. १८१० नंतरच्या पंधरा वर्षांत नव्या जगांतील स्पेनचें साम्राज्य कोसळून पडलें. मेक्सिको, कोलंबिया, चिली अशीं राष्ट्रें एकामागून एक स्वतंत्र झालीं आणि १८२२ पासून संयुक्त संस्थानांनीं त्यांना मान्यता देण्यास प्रारंभ केला. या नव्या शेजाऱ्यांशीं व्यापार करावयाचा, पत्रव्यवहार करावयाचा, तर त्यांची भाषा येणारीं माणसें हवींत. स्टीफन लाँगफेलो हे व्यवहारी गृहस्थ होते. हल्लींच्या परिस्थितींत स्पॅनिशचें ज्ञान फ्रेंचइतकेंच महत्त्वाचें आहे. या दोहोंपैकीं एका भाषेचीहि हेळसांड झाली तर मनांतली जागा मिळणार नाहीं हें निश्चित समजावें, असें त्यांनीं पॅरिसला असलेल्या मुलाला स्पष्ट लिहिलें. स्पेनमधील अशांततेच्या बातम्यांमुळें मुलगा तिकडे जाण्याविषयीं कचरत होता. या पत्रानंतर माघार घेण्यास जागा राहिली नाहीं.

स्पॅनिश शिकण्यासाठीं स्पेनला गेलेला लाँगफेलो हा कांहीं पहिलाच अमेरिकन विद्यार्थी नव्हे. हार्वर्ड येथें अबिएल स्मिथ या व्यापाऱ्याच्या देणगींतून फ्रेंच व स्पॅनिश यांचें अध्यासन निर्माण झालें, आणि त्यावर नेमलेला पहिला अध्यापक जॉर्ज टिक्नॉर हा त्याच कारणासाठीं १८१८ सालीं माद्रिदला जाऊन आला होता. बार्सिलोनाहून माद्रिदपर्यंतच्या तेरा दिवसांच्या खडतर प्रवासांत तो सहप्रवाशांना ‘दोन किहोते’ मोठ्यानें वाचून दाखवी आणि त्यांच्या हंसण्यावरून व हळहळण्यावरून त्या ग्रंथाचें मर्म हेरी. माद्रिदमध्यें होसे आंतोनिओ कोंदे या अरबी भाषेच्या विद्वानापाशीं बसून त्यानें स्पॅनिश काव्याचा अभ्यास केला. टिक्नॉरची ही पद्धति गुरूची आणि ग्रंथाची होती. तिचें फळ म्हणजे १८४९ सालीं तीन खंडांत प्रसिद्ध झालेला त्याचा स्पॅनिश वाङ्मयाचा इतिहास. युरोपला निघण्यापूर्वीं लाँगफेलो टिक्नॉरला भेटला होता. पण त्याच्या वाट्याला स्पॅनिश आली ती निराळ्या वाटेनें, घराच्या उंबऱ्यावरून.

या वाटेचें महत्त्व त्याला पॅरिसनें शिकविलें होतें. तेथें मादाम पोते नांवाच्या बाईच्या खाणावळींत तो उतरला. घर चांगलें, जेवण चांगलें, बाई मायाळू. परंतु बिऱ्हाडकरूंत दुसरे अमेरिकन तरुणहि होते. स्वदेशीय माणूस भेटला कीं परक्या शहरांत जीव थोडा निर्धास्त होतो आणि जीभ आपोआप मातृभाषेकडे वळते. पॅरिसमध्यें राहून फ्रेंच कानांवर पडावी आणि तोंडांत मात्र इंग्रजीच यावी, असा प्रकार होऊं लागला. तेव्हां त्यानें उन्हाळ्यांत शहर सोडलें आणि जवळच्या ओतय या गांवीं एका आरोग्यगृहांत मुक्काम केला. तो कांहीं आजारी नव्हता. तेथील मंडळींशीं दिवसभर फ्रेंच बोलावयास मिळेल एवढाच त्याचा हेतु होता. भाषा शिकण्यासाठीं रोग्यांची संगत शोधणारा हा तरुण हास्यास्पद वाटेल. पण ज्या ठिकाणीं स्वतःच्या भाषेचा आसरा आहे त्या ठिकाणीं दुसरी भाषा पुरी येत नाहीं, ही गोष्ट त्यानें वडिलांच्या पैशावर महिनेच्या महिने खर्चून शिकून घेतली होती.

१८२७ च्या फेब्रुवारी महिन्याच्या अखेरीस तो पॅरिसहून निघाला. बोर्दो व बायोन या मार्गानें पिरनीज पर्वत ओलांडून मार्च महिन्याच्या प्रारंभीं त्यानें माद्रिद गांठलें. त्या वेळचा स्पेन म्हणजे विझत आलेल्या वणव्याचा प्रदेश होता. नेपोलियनच्या स्वारीनें देश होरपळला होता. त्यानंतर राजसत्ता आणि उदारमतवादी यांचा झगडा पेटला. १८२३ सालीं फ्रान्सच्या सैन्यानें सरहद्द ओलांडून सातव्या फेर्नांदो राजाला पुनः अनियंत्रित सत्ता मिळवून दिली, आणि तें सैन्य अद्याप देशांत तळ देऊन होतें. रस्त्यांवर दरोडेखोरांचा उपद्रव मोठा. जेथें प्रवाशाचा खून झाला असेल तेथें रस्त्याच्या कडेला लाकडी क्रूस उभारण्याची चाल होती. असे क्रूस मोजीत मोजीत न्यू इंग्लंडमधील या तरुणाचा प्रवास झाला. घरून पत्र येण्यास आठवडेच्या आठवडे लागत. भाषा येत नव्हती. आणि ज्या जागेसाठीं हें सर्व चाललें होतें ती जागा मिळेलच अशी लेखी खात्री कोणीं दिलेली नव्हती.

माद्रिदमध्यें तो ज्या घरीं राहिला तेथें अलेक्झांडर स्लायडेल हा अमेरिकन आरमारांतील तरुण अधिकारीहि बिऱ्हाडकरू होता. त्या काळीं माद्रिदमधील पुष्कळ मध्यमवर्गीय कुटुंबें अशा रीतीनें खोल्या भाड्यानें देत. युद्धें आणि राज्यक्रांत्या यांनीं अनेकांचीं वेतनें बुडालीं होतीं, मालमत्ता आटली होती; परदेशी पाहुण्याच्या भाड्यानें घरखर्चाला हातभार लागे. हा व्यवहार दोन्ही बाजूंनीं गरजेचा होता, आणि त्यांत कमीपणा मानण्यासारखें कांहीं नव्हतें. परंतु भाड्याच्या खोलीचें घर होतें कीं नाहीं, हें केवळ पैशावर अवलंबून नसतें. या घराचा लाँगफेलोला लळा लागला. यजमानांच्या कुटुंबांत फ्लोरेन्सिया नांवाची एक तरुण मुलगी होती. तिच्या शांत स्वभावाचा आणि मधुर बोलण्याचा उल्लेख त्यानें घरीं पाठविलेल्या पत्रांत मोठ्या कौतुकानें केला आहे. स्पॅनिश भाषेचें माधुर्य तिच्या तोंडून ऐकूनच त्याला पटलें असावें.

तथापि लळा लागण्यापूर्वीं अंगवळणी पडावें लागतें, आणि अंगवळणी पडण्याजोगें तेथें पुष्कळ होतें. न्यू इंग्लंडमध्यें सकाळचा भरपेट नाश्ता व्हावयाचा. माद्रिदच्या घरांत सकाळीं दाट चॉकोलेटचा लहानसा पेला आणि पावाचा तुकडा एवढ्यावर भागवीत. मुख्य जेवण दुपारीं. त्यांत हरभरे, मांस आणि भाज्या एकत्र शिजवून केलेला पदार्थ बहुधा रोजचाच. लसूण आणि ऑलिव्हचें तेल यांचा वास तर साऱ्या घरालाच लागलेला. जेवणानंतर भर दुपारीं सारें शहर झोंपी जाई. कामसूपणा हाच धर्म मानणाऱ्या प्रदेशांतील मुलाला ही निद्रा प्रथम आळसाची खूण वाटावी, आणि उन्हाळा चढल्यावर तिचें कारण कळावें, हें साहजिक होतें. थंडीच्या दिवसांत शेकोटीऐवजीं पितळी शेगडींत निखारे घालून ती मेजाखालीं ठेवीत, आणि सर्व कुटुंब मेजाभोंवतीं पाय शेकीत बसे. ज्याला ऊब हवी त्यानें चारचौघांत येऊन बसावें, अशी ती रचना होती. परक्या पाहुण्याला एकट्यानें खोलीचें दार लावून पुस्तक वाचीत बसण्याची सोय त्या थंडीनें फारशी ठेवली नव्हती, आणि हें भाषेच्या दृष्टीनें हिताचेंच होतें.

संध्याकाळीं घरोघर ‘तेर्तुलिया’ भरे. आप्त, शेजारी, ओळखीचे लोक जमत. गिटार वाजे, पत्ते चालत, आणि मुख्यतः गप्पा होत. येथें व्याकरण पाठ असलेल्या माणसाची खरी परीक्षा होते. पुस्तकांतील वाक्यें एकामागून एक येतात. माणसें एकदम बोलतात. विनोद समजण्यापूर्वीं हंशा संपतो. ज्याची मातृभाषेंत कवि म्हणून थोडीबहुत ख्याति झालेली आहे अशा तरुणालाहि तेथें चार वर्षांच्या पोराप्रमाणें एकेका शब्दासाठीं चांचपडावें लागतें. परभाषा शिकणाराला हा मानभंग टळत नाहीं. शिकवणीच्या वर्गांत तो तासाभराचा असतो, परक्या घरांत तो सकाळपासून रात्रीपर्यंतचा असतो. आणि म्हणूनच तो लौकर संपतोहि.

भाषेंतील कित्येक गोष्टी अशा आहेत कीं, त्या घराबाहेर नीट कळतच नाहींत. इंग्रजींत लहानथोर सर्वांना एकच सर्वनाम. स्पॅनिशमध्यें मात्र घरच्यांना व मुलांना ‘तू’ आणि इतरांना ‘उस्तेद’ म्हणावयाचें. हा ‘उस्तेद’ मूळच्या ‘व्हुएस्त्रा मेर्सेद’ म्हणजे ‘आपली कृपा’ या आदरवाचक शब्दांचा झिजलेला अवशेष असून त्याच्याबरोबर क्रियापद तृतीयपुरुषी येतें. ‘तूं’, ‘तुम्ही’ आणि ‘आपण’ यांतील अंतर जन्मापासून जाणणाऱ्या मराठी माणसाला यांत नवल वाटणार नाहीं. पण इंग्रजी बोलणाऱ्याला कोणाला कोणतें संबोधन योग्य आणि एकांतून दुसऱ्यांत केव्हां जावें, हें घरांतील बोलणें ऐकूनच उमगतें. तीच गोष्ट ‘असणें’ या अर्थाच्या दोन क्रियापदांची. ‘एस लिस्तो’ म्हणजे तो हुशार आहे. ‘एस्ता लिस्तो’ म्हणजे तो तयार आहे. नियम कितीहि घोकला तरी जेवणाच्या वेळीं हांक ऐकूं आल्यावांचून तो हाडींमासीं खिळत नाहीं. पाहुण्याला ‘हें घर आपलेंच आहे’ असें सांगण्याची स्पॅनिश रीति आपल्याकडील रीतीसारखीच. हे शब्द अक्षरशः खरे मानणारा मूर्ख ठरतो आणि त्यांना पोकळ समजणारा असंस्कृत ठरतो. या दोहोंच्या मधली जागा शब्दकोशांत दाखविलेली नसते.

सर्वांत अवघड होतें तें धर्माचें अंतर. लाँगफेलो प्रोटेस्टंट पंथाच्या प्रदेशांत वाढला होता. तेथें रोमन कॅथॉलिक उपासनेविषयीं मनांत अढी असणें हें सामान्य होतें. माद्रिदमध्यें तो पोंचला तो उपवासाच्या पर्वकाळांत. एप्रिल महिन्याच्या मध्यावर ईस्टर आलें. मिरवणुका, मूर्ति, मेणबत्त्या, गुडघे टेकणारे लोक, हें सर्व आतां वाचनांतलें राहिलें नव्हतें; ज्या माणसांच्या पंक्तीला तो बसे त्यांच्या श्रद्धेचें तें रूप होतें. त्याच्या प्रवासग्रंथांत स्पेनमधील अंधश्रद्धेवर टीका आहे, हें लपविण्याचें कारण नाहीं. पण त्याच ग्रंथांत माद्रिदच्या सायंप्रार्थनेचें वर्णनहि आहे. तिन्हीसांजेला घंटा होतांच गजबजलेलें शहर स्तब्ध होतें. गाड्या थांबतात, भांडणें थांबतात, पुरुष टोप्या काढतात, बायका पंख्याआड तोंड झांकतात, आणि क्षणभरानें पुनः कोलाहल सुरू होतो. हें वर्णन करणाऱ्याच्या मनांत उपहास नाहीं. त्यानें आपला पंथ सोडला नाहीं. परंतु दुसऱ्याचा देव्हारा दिसल्यावर आवाज खालीं आणावा, एवढें तो त्या घरीं शिकला असें त्याच्या लेखनावरून दिसतें.

इंग्रजीचा मोह माद्रिदमध्येंहि होताच, आणि तो पॅरिसपेक्षां मोठा होता. अमेरिकेचे वकील अलेक्झांडर एव्हरेट, ग्रंथसंग्राहक ओबदाया रिच, आणि या सर्वांत कीर्तिमान असा वॉशिंग्टन आयर्व्हिंग हे सर्व तेथें होते. आयर्व्हिंग तेव्हां रिचच्या घरीं राहून तेथील अमोल ग्रंथसंग्रहाच्या आधारें कोलंबसाचें चरित्र लिहीत होता. तें १८२८ सालीं प्रसिद्ध झालें. वीस वर्षांच्या होतकरू लेखकाला याहून मोठें तीर्थ कोणतें? लाँगफेलो तेथें जात असे, आणि त्यानें तेथून एक चांगला धडाहि घेतला. उन्हाळ्यांतील एका सकाळीं सहा वाजतां आयर्व्हिंगच्या घरावरून जातांना त्याच्या अभ्यासिकेची खिडकी सताड उघडी दिसली. नंतर विचारलें तेव्हां, या वेळीं आपण नेहमींच कामाला लागलेले असतों, असें आयर्व्हिंगनें सांगितलें. ही आठवण लाँगफेलोनें १८५९ मध्यें, आयर्व्हिंगच्या निधनानंतरच्या भाषणांत सांगितली. पण या मंडळींत संध्याकाळ घालविली तरी रात्रीं परतावयाचें तें स्पॅनिश बोलणाऱ्या घरींच. पॅरिसची चूक येथें झाली नाहीं ती यामुळें.

पुढें उन्हाळा आला आणि माद्रिदचा उष्मा वाढला, तेव्हां यजमानांचें कुटुंब ग्वादार्रामा पर्वताच्या बाजूस असलेल्या एल पार्दिल्यो या खेड्यांत गेलें. त्यांनीं आपल्या बिऱ्हाडकरूलाहि बरोबर नेलें. भाडें देणारा पाहुणा शहरांतील खोलींत राहिला असता तरी व्यवहार पुरा झाला असता; त्याला गांवीं नेणें हें व्यवहाराच्या पलीकडचें होतें. एल पार्दिल्यो हें गरीब, धुळीनें माखलेलें खेडें. तेथें शेतकरी, गांवचा पाद्री, रविवारचा नाच, संध्याकाळची गिटार यांच्या सहवासांत त्याला शहरी तेर्तुलियांत न भेटणारी भाषा भेटली. शेतकऱ्यांची स्पॅनिश म्हणींनीं भरलेली असते. सांचो पान्साच्या तोंडीं सेर्वान्तेसनें म्हणींची जी माळ घातली आहे ती कल्पित नव्हे, हें अशा खेड्यांत गेल्यावर पटतें. लाँगफेलोनें पुढें आपल्या ‘आउत्र-मेर’ या प्रवासग्रंथांत या खेड्यावर स्वतंत्र प्रकरण लिहिलें. राजवाडे आणि देवळें यांच्या देशांत जाऊन आलेल्या लेखकानें एका क्षुल्लक गांवाला प्रकरण द्यावें, यांतच त्या दिवसांचें त्याला वाटलेलें मोल दिसून येतें.

शरदऋतूंत त्यानें माद्रिद सोडलें. सेव्हिल, कादिस, ग्रानादा हीं शहरें पाहून तो इटलीला गेला, आणि तेथेंहि त्यानें हाच क्रम चालू ठेवला. रोममध्यें पर्सियानी नांवाच्या कुटुंबांत तो राहिला. १८२८ च्या उन्हाळ्यांत तो तापानें अंथरुणाला खिळला तेव्हां त्याच घरांतल्या मंडळींनीं त्याची शुश्रूषा केली. त्या वर्षाच्या अखेरीस वडिलांना लिहितांना, फ्रेंच व स्पॅनिश आपण इंग्रजीइतक्याच सहजतेनें लिहितों आणि शुद्ध बोलतों, असें तो सांगूं शकला. पण त्याच पत्रांत संतापहि होता. बोडिनच्या चालकांनीं आतां अध्यापकाऐवजीं कमी दर्जाची शिक्षकाची जागा देऊं केली होती. कारण काय, तर त्याचें वय लहान. तीन वर्षांपूर्वीं हें वय त्यांना दिसलें नव्हतें काय, असा त्याचा रोकडा सवाल होता. ज्या आश्वासनावर वडिलांनीं एवढा खर्च केला तें हातांतून निसटतें कीं काय, अशी वेळ आली. याहून मोठा आघात पुढेंच होता. १८२९ च्या मे महिन्यांत त्याची बहीण एलिझाबेथ घरीं वारली. परक्या घरांतील मुलींचें कौतुक तो ज्या घरीं लिहून पाठवी, त्या घरांतली एक बहीण त्याला पुनः दिसली नाहीं.

१८२९ च्या ऑगस्टमध्यें तो मायदेशीं परतला. सहाशें डॉलर वेतनाची शिक्षकाची जागा त्यानें नाकारली. चालकांनीं अखेर माघार घेतली आणि आठशें डॉलरांवर अध्यापकपद, शिवाय ग्रंथालय सांभाळण्याबद्दल शंभर डॉलर, असा तोडगा निघाला. वर्गांत उभा राहिल्यावर त्याला आढळून आलें कीं, मुलांच्या हातीं द्यावीं अशीं पुस्तकेंच नाहींत. तेव्हां तीं त्यानें स्वतः तयार केलीं. १८३० सालीं त्यानें ‘नोव्हेलास एस्पान्योलास’ हें स्पॅनिश कथांचें छोटें पुस्तक विद्यार्थ्यांसाठीं छापविलें. त्यांतील कथा आयर्व्हिंगच्याच गोष्टींचीं स्पॅनिश रूपांतरें होत्या. अमेरिकन मुलांना ओळखीचा रिप व्हॅन विंकल तेथें आल्पुहार्रासच्या डोंगरांत झोंपलेला भेटे. ओळखीच्या माणसाकडून अनोळखी भाषा शिकावी, ही युक्ति परक्या घरीं राहिलेल्या माणसालाच सुचण्यासारखी. १८३३ सालीं होर्हे मान्रिके या पंधराव्या शतकांतील कवीनें पित्याच्या मृत्यूवर रचलेल्या शोककाव्याचा त्याचा इंग्रजी अनुवाद प्रसिद्ध झाला. १८३६ सालीं टिक्नॉरच्या मागून हार्वर्डचें अध्यासन त्याच्याकडे आलें आणि १८५४ पर्यंत तें त्यानें सांभाळलें. गुरूच्या वाटेनें गेलेल्याची जागा घराच्या वाटेनें गेलेल्यानें घेतली.

विसाव्या शतकांत या घराच्या वाटेला संस्थांचा आधार मिळाला. १९२३ सालीं अमेरिकेंतील डेलावेअर विद्यापीठानें आठ विद्यार्थ्यांना एका वर्षासाठीं फ्रान्सला पाठविलें आणि त्यांची व्यवस्था फ्रेंच कुटुंबांत केली. १९३२ सालीं डॉनल्ड वॉट या गृहस्थानें आरंभिलेल्या उपक्रमानें पुढें परदेशांतील कुटुंबांत राहणें हेंच आपलें मुख्य सूत्र मानलें. माद्रिदमध्यें तर १९१२ पासूनच परदेशीयांसाठीं स्पॅनिशचे उन्हाळी वर्ग भरूं लागले होते. लाँगफेलोच्या वेळीं जें नशिबानें मिळालें तें आतां योजून मिळूं लागलें. मात्र कोणतीहि संस्था विद्यार्थ्याला यजमानाच्या दारापर्यंतच नेऊं शकते. आंत गेल्यावर शेगडीभोंवतीं बसावयाचें कीं खोलीचें दार लावून घ्यावयाचें, हें ज्याचें त्यानें ठरवावयाचें असतें. आणि गांवीं जातांना पाहुण्याला बरोबर न्यावयाचें कीं नाहीं, हें यजमानांनीं.

लाँगफेलो यानंतर तीन वेळां युरोपला गेला, परंतु स्पेनमध्यें त्यानें पुनः पाऊल टाकलें नाहीं. वीस वर्षांच्या वयांत पाहिलेला तो देश त्यानें स्मृतींतच ठेवला, आणि म्हातारपणीं त्यावर ‘कॅसल्स इन स्पेन’ ही कविता लिहिली. त्याच्या मनांतला स्पेन थोडासा स्वप्नाळू होता, हें खरें. फेर्नांदो राजाच्या तुरुंगांपेक्षां त्याला संध्याकाळची घंटा अधिक स्पष्ट ऐकूं आली. एका सुस्वभावी घराच्या खिडकींतून देश पाहिला कीं तो असाच दिसतो. ती खिडकी जेवढें दाखविते तेवढेंच दिसतें. १८८२ सालीं तो वारला आणि दोन वर्षांनीं लंडनच्या वेस्टमिन्स्टर ॲबींतील कविकोपऱ्यांत त्याचा अर्धपुतळा बसविण्यांत आला. एका अमेरिकन कवीला मिळालेला हा पहिलाच मान. ज्या कुटुंबानें त्याला आपल्या मेजाशीं बसवून बोलावयास शिकविलें, त्याचें स्मारक कोठें उभारलेलें नाहीं. तें कुटुंब कांहीं जुन्या पत्रांतून, एल पार्दिल्योवरील त्या एका प्रकरणांतून, आणि बोडिन व हार्वर्ड येथील विद्यार्थ्यांच्या कित्येक वर्गांना त्यानें शिकविलेल्या स्पॅनिश उच्चारांतून मागें राहिलें.